ऐतिहासिक नगरांतील अल्प मुक्काम : जैसलमेर किल्ल्याचे उदाहरण

ऐतिहासिक नगरात दोन-तीन दिवसांपुरते जावे आणि तेथील एखाद्या जुन्या वास्तूतच उतरावे, ही प्रवासाची रीत तशी अलीकडची आहे. पूर्वीचा यात्रेकरू धर्मशाळेत उतरत असे. त्या वेळी धर्मशाळा हे साधन होते आणि देवदर्शन हे साध्य. पेढीच्या कामासाठी परगावी गेलेला व्यापारी आप्तांकडे किंवा जातभाईंच्या वाड्यात राही. निवासाची जागा प्रेक्षणीय असावी, अशी अपेक्षा दोघांचीही नसे. आजच्या अल्पमुक्कामी प्रवाशाच्या दृष्टीने मात्र निवास हाच प्रेक्षणाचा भाग झाला आहे. कोरीव झरोका, जाड भिंतींची गार खोली, गच्चीवरून दिसणारा तट, घरमालकाच्या कुटुंबाचा सहवास या गोष्टींसाठी तो मोठे हॉटेल सोडून आठ-दहा खोल्यांचे लहान हॉटेल निवडतो.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर असे हॉटेल जी वस्तू विकते, तिचा मोठा अंश त्याने स्वतः निर्माण केलेला नसतो. नगराचे प्राचीनत्व ही अनेक पिढ्यांची कमाई असते. तिच्या विक्रीतून मिळणारे उत्पन्न आज एका घराच्या पदरी पडते, आणि तिची झीज मात्र साऱ्या नगराला सोसावी लागते. ही झीज बहुधा मोजता येत नाही, आणि त्यामुळे तिच्याविषयीची चर्चा अभिरुचीच्या पातळीवरच रेंगाळते. राजस्थानातील जैसलमेरचा किल्ला हे याबाबतीत अपवादात्मक उदाहरण होय. तेथे झिजेचे मुख्य कारण पाणी आहे, आणि पाणी लिटरांत मोजता येते. या उदाहरणाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. किल्ल्याची रचना

भाटी राजपूत कुळातील रावळ जैसल याने इ. स. ११५६ मध्ये लोदुर्वा येथील जुनी राजधानी सोडून त्रिकूट टेकडीवर हा किल्ला वसविला. टेकडी भोवतालच्या सपाट प्रदेशापासून सुमारे ७६ मीटर उंच आहे. किल्ल्याची लांबी ४६० मीटरांच्या व रुंदी २३० मीटरांच्या आसपास असून तटाला ९९ बुरूज आहेत. अखै पोळ, सूरज पोळ, गणेश पोळ व हवा पोळ या चार दरवाजांतून वळणावळणाने वर गेल्यावर राजवाड्यासमोरील चौक लागतो. त्याच्या पलीकडे अरुंद गल्ल्या, जैन मंदिरे आणि दाटीने उभी असलेली घरे आहेत. भारतातील बहुतेक किल्ले आज ओस आहेत. येथे मात्र सुमारे तीन हजार लोक अद्यापि राहतात. घरे खाजगी मालकीची आहेत आणि तट भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे.

बांधणीच्या दृष्टीने दोन बाबी ध्यानात ठेवावयास हव्यात. पहिली अशी की, टेकडी एकसंध कातळाची नाही. वालुकाश्म व चुनखडक यांच्या थरांमध्ये चिकणमातीचे मऊ थर आहेत. कोरड्या स्थितीत हे थर वरचा भार बिनतक्रार पेलतात. ओले झाले की ते फुगतात, घसरडे होतात आणि त्यांचे बळ घटते. दुसरी बाब अशी की, पिवळ्या जैसलमेरी दगडाचे जुने बांधकाम बहुतांशी चुन्यावाचून केलेले आहे. दगड एकमेकांत खाचा पाडून बसविलेले किंवा लोखंडी पकडींनी सांधलेले आहेत. घरांची छपरे लाकडी तुळयांवर गवत-काड्यांचा थर व त्यावर मातीचा जाड थर देऊन केलेली असतात. मातीचे असे छप्पर उन्हाळ्यात खोली थंड ठेवते. परंतु ते भिजले की त्याचे वजन वाढते आणि तुळया वाकू लागतात. थोडक्यात, हे सर्व बांधकाम कोरड्या हवेवर विसंबून उभे आहे. ज्या प्रदेशात वर्षाकाठी सरासरी २० सेंटिमीटरांच्या आतबाहेर पाऊस पडतो, तेथे हा विश्वास अनाठायी नव्हता.

२. पाण्याची जुनी शिस्त

किल्ल्यात विहिरी होत्या. परंतु नगराची मुख्य भिस्त टेकडीखालील गडसीसर तलावावर असे. चौदाव्या शतकात बांधलेल्या या तलावातून स्त्रिया डोक्यावरून पाणी आणीत. वर चढवून आणलेली प्रत्येक घागर म्हणजे श्रम होते, आणि म्हणून ती जपून वापरली जाई. आंघोळीचे किंवा भांड्यांचे पाणी सांडले तरी ते इतके थोडे असे की, दगडी फरसबंदीवर ते पाहता पाहता वाळून जाई. शौचकूप कोरडे होते. पावसाचे पाणी साचू नये म्हणून ‘घूटनाली’ या नावाने ओळखली जाणारी उघडी पन्हळव्यवस्था होती. ती चारही दिशांनी पाणी तटाबाहेर काढून देत असे.

या व्यवस्थेत पाण्याचा तुटवडा आणि वास्तूचे आयुष्य यांचा परस्परसंबंध होता. तो कोणी मुद्दाम योजला होता असे नव्हे. कष्टाने मिळणारे पाणी कमी वापरले जाते आणि कमी वापरलेले पाणी भिंतीत मुरत नाही, इतकेच.

३. व्यापाराचा अस्त आणि पाहुण्यांचा उदय

जैसलमेरचे वैभव उंटांच्या तांड्यांवर उभे होते. सिंध व मुलतानकडे जाणाऱ्या मार्गावरील जकात आणि सावकारी यांतून येथील व्यापारी घराणी संपन्न झाली. गावातील पटव्यांच्या हवेल्या एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधू घातल्या, तेव्हा हा व्यापार अद्यापि भरात होता. पुढे मुंबई बंदराचा उत्कर्ष झाला, माल समुद्रमार्गाने व रेल्वेने जाऊ लागला आणि तांडे विरळ झाले. १९४७ च्या फाळणीने पश्चिमेकडील वाट पूर्णपणे बंद केली. अनेक घराण्यांनी उपजीविकेसाठी देशातील इतर शहरांचा रस्ता धरला.

१९६५ च्या युद्धानंतर सीमाप्रदेश म्हणून या भागाला महत्त्व आले. रस्ते सुधारले, रेल्वे आली. १९७४ मध्ये सत्यजित राय यांचा ‘सोनार केल्ला’ हा चित्रपट प्रदर्शित झाला आणि बंगाली प्रवाशांना या किल्ल्याची ओढ लागली. परदेशी प्रवासीही याच सुमारास येऊ लागले. किल्ल्यातील रहिवाशांनी प्रथम एखाद-दुसरी खोली पाहुण्यांना दिली, मग वरचा मजला दिला, आणि पुढे कित्येक घरांची संपूर्ण हॉटेले झाली. ज्या घरांतील कर्ती माणसे एरवी परगावी गेली असती, ती या उत्पन्नामुळे घर राखून राहिली. ही गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. मातीच्या छपराला वरचेवर लिंपण लागते. ते करणारे कोणी नसेल, तर छप्पर थोड्याच वर्षांत बसते. किल्ल्यातील ओस घरे ही बाब पुरेशी स्पष्ट करतात.

याच काळात पाण्याचीही स्थिती पालटली. नळ घरोघर आले. पुढे राजस्थान कालव्याचे, म्हणजे आजच्या इंदिरा गांधी कालव्याचे पाणी जिल्ह्यात पोचले. घागरीचा श्रम संपला आणि त्याबरोबर घागरीची शिस्तही संपली. पाणी आणणारे नळ आले. परंतु वापरलेले पाणी बाहेर नेणारी व्यवस्था त्या प्रमाणात आली नाही. ते उघड्या पन्हळींत, शोषखड्ड्यांत आणि सांधे निखळलेल्या वाहिन्यांत जाऊ लागले.

४. पाण्याचा हिशेब

या बदलाचे परिमाण कळावे म्हणून एक ढोबळ हिशेब मांडता येईल. सांडपाण्याची वाहिनी असलेल्या नगरांसाठी भारतात दरडोई दररोज १३५ लिटर पाणी हे मानक धरले जाते. राष्ट्रीय बांधकाम संहितेत तीन-तारांकित दर्जापर्यंतच्या हॉटेलांसाठी दर खाटेमागे १८० लिटरांचे प्रमाण दिले आहे. प्रत्यक्ष पुरवठा यापेक्षा कमी-अधिक असू शकतो. येथे महत्त्व परस्परप्रमाणाला आहे.

तीन हजार रहिवाशांना १३५ लिटरांप्रमाणे दररोज ४,०५,००० लिटर, म्हणजे वर्षाला सुमारे १,४८,००० घनमीटर पाणी लागेल. किल्ल्याची लांबी-रुंदी धरून काढलेल्या आयतावर, म्हणजे सुमारे १,०६,००० चौरस मीटरांवर, हे पाणी पसरले तर त्याची खोली १४० सेंटिमीटर भरते. किल्ल्याचे वास्तविक क्षेत्र या आयताहून लहान असल्याने खरी खोली याहून अधिकच येईल. वीस सेंटिमीटर पावसाच्या प्रदेशात बांधलेल्या किल्ल्यावर अशा रीतीने त्याच्या सातपट पाणी नळातून चढते. त्यातील केवळ एक दशांश गळतीने जमिनीत मुरले, असे मानले तरी ते १४ सेंटिमीटर होते. पावसाचे पाणी वर्षातील मोजक्या सरींत येते, उतारावरून वाहून जाते आणि उरलेले उन्हाने उडून जाते. गळतीचे पाणी फरशीखाली, जेथे ऊन पोचत नाही अशा ठिकाणी, बारा महिने रोज झिरपते. दोन्ही आकडे सारखे दिसले तरी परिणाम सारखा नसतो तो यामुळे.

आता पाहुण्यांचा वाटा पाहू. शंभर खाटा हंगामाचे १८० दिवस पूर्ण भरलेल्या आहेत असे धरले, तरी त्यांना ३,२४० घनमीटर पाणी लागेल. ते साऱ्या किल्ल्यावर पसरले तर जेमतेम तीन सेंटिमीटर होते. या हिशेबावरून पाहुण्यांचा भार नगण्य आहे, असे म्हणण्याचा मोह होईल. हॉटेलमालकांकडून मांडली जाणारी बाजू अशीच असते, आणि सरासरीपुरती ती खरीही आहे. रहिवाशांच्या दैनंदिन वापराकडे दुर्लक्ष करून सारा दोष पाहुण्यांवर टाकणे न्याय्य नव्हे.

परंतु भिंत पडते ती सरासरीने नव्हे, तर एका विशिष्ट जागी. म्हणून हाच हिशेब एका घरापुरता केला पाहिजे. दोनशे चौरस मीटर जागेवरील घरात सहा माणसांचे कुटुंब राहत असेल, तर त्या जागेवर वर्षाला सुमारे दीड मीटर खोलीइतके पाणी वापरले जाते. तेथे दहा खोल्यांचे हॉटेल झाले आणि वीस पाहुणे राहिले, तर केवळ सहा महिन्यांच्या हंगामात ही खोली सव्वातीन मीटरांवर जाते. एक दशांश गळती धरली तर त्या एका घराखाली सहा महिन्यांत ३२ सेंटिमीटर पाणी मुरते. तेथे वर्षभर पडणाऱ्या पावसाच्या हे दीडपट होय.

५. बुरुजावरील खोली

येथे लहान हॉटेलांच्या आकर्षणाचा प्रश्न प्रत्यक्ष उपस्थित होतो. किल्ल्यात सर्वांत अधिक मागणी असते ती तटालगतच्या खोल्यांना. बुरुजाच्या अर्धवर्तुळात बसविलेली खोली, तिच्या खिडकीतून दिसणारे वाळवंट आणि पहाटे पिवळ्या दगडावर उतरणारा प्रकाश यांसाठीच प्रवासी आलेला असतो. त्या खोलीला जोडून स्वतंत्र न्हाणीघर असावे, ही त्याची दुसरी अपेक्षा असते. दोन्ही अपेक्षा स्वतंत्रपणे पाहिल्या तर अगदी माफक आहेत. त्या एकत्र आल्या की मात्र न्हाणीघराची मोरी नेमकी तटाच्या कडेला, टेकडीच्या उताराच्या माथ्यावर येते. किल्ल्याच्या मध्यभागी मुरलेले पाणी चहूकडे पसरते. कडेला मुरलेले पाणी उताराच्या मातीत शिरते, तिला आतून ढकलते आणि बुरुजाचा पाया सैल करते. खोलीचे मोल ज्या गुणामुळे वाढते, त्याच गुणामुळे तिच्यातील गळती सर्वाधिक घातक ठरते.

मुक्कामाच्या अल्पत्वाचाही येथे संबंध आहे. आठवडाभर राहणाऱ्या पाहुण्याची चादर व पंचे यांची धुलाई एकदा होते. दोन रात्रींनी पाहुणा बदलला तर तितक्याच दिवसांत ती तीनदा होते, आणि खोलीही तितक्याच वेळा धुतली जाते. जैसलमेरचा नेहमीचा प्रवासक्रम एक रात्र किल्ल्यात व एक रात्र समच्या वाळूच्या टेकड्यांकडे असा असतो. त्यामुळे दर मुक्कामी रात्रीमागे लागणारे पाणी येथे कमी न होता वाढते.

परिणाम दिसावयास फार काळ लागला नाही. १९९० नंतरच्या दशकात किल्ल्यातील अनेक इमारती व काही बुरूज ढासळले. जागतिक स्मारक निधीने १९९६, १९९८ व २००० या वर्षी धोक्यातील स्मारकांच्या यादीत या किल्ल्याचा समावेश केला. २०१३ मध्ये चितोडगड, कुंभलगड, रणथंभोर, गागरोन व आंबेर यांच्यासह ‘राजस्थानातील डोंगरी किल्ले’ म्हणून त्याला युनेस्कोच्या जागतिक वारशाचा मान मिळाला. हा मान मिळाल्याने पाणी मुरावयाचे थांबले नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये अतिवृष्टीत तटाच्या भिंतीचा एक भाग कोसळला. अशा घटनांत दोष पावसाला दिला जातो. परंतु पाया आधीच ओलावलेला असेल, तर पाऊस हे केवळ निमित्तकारण उरते.

६. उपाय आणि त्यांच्या मर्यादा

आजवर तीन प्रकारचे उपाय झाले आहेत. पहिला अभियांत्रिकीचा होय. जुन्या जलवाहिन्या व मलवाहिन्या बदलणे, पन्हळी दुरुस्त करणे आणि टेकडीच्या उताराला आधाराची भिंत देणे ही कामे शासकीय यंत्रणा व स्वयंसेवी संस्था यांनी हाती घेतली. ‘जैसलमेर इन जेपर्डी’ या ब्रिटिश धर्मादाय संस्थेने गल्ल्यांतील सांडपाणी व घरांतील शौचालये यांच्या सुधारणेवर भर दिला. हा उपाय मूळ कारणाला भिडणारा आहे. तथापि वाहिनी एकदा घातली म्हणजे काम संपत नाही. हलत्या जमिनीत सांधे पुन्हा निखळतात आणि देखभाल कायमची करावी लागते.

दुसरा उपाय कायद्याचा. प्राचीन स्मारकांविषयीच्या कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकापासून १०० मीटरांच्या आत नवे बांधकाम निषिद्ध आहे आणि त्यापुढील २०० मीटरांत ते नियंत्रित आहे. निषिद्ध क्षेत्रात घराच्या दुरुस्तीलाही अनुज्ञा लागते. ज्या स्मारकाच्या पोटात तीन हजार माणसांची वस्ती आहे, तेथे या नियमाचा अर्थ बिकट होतो. छप्पर गळत असता अर्ज करून वाट पाहावी लागते, आणि वाट पाहण्याच्या काळात गळती चालूच राहते. वास्तूच्या रक्षणासाठी केलेला नियम अशा वेळी गळतीच्याच पथ्यावर पडतो. उलट, नियम सैल केला तर दुरुस्तीच्या नावाखाली नवा मजला चढतो, हाही अनुभव आहे.

तिसरा उपाय प्रवाशाच्या विवेकावर सोपविलेला आहे. प्रवाशांसाठीच्या काही मार्गदर्शक पुस्तकांनी किल्ल्यातील हॉटेलांची शिफारस करणे थांबविले आणि टेकडीखालील गावात उतरण्याचा सल्ला दिला. गावातही जुन्या हवेल्या आहेत. त्यांतील निवास किल्ल्याइतकाच पुरातन वाटतो, आणि किल्ल्याच्या दरवाजापर्यंत चालत जाता येते. हा सल्ला सोपा आणि परिणामकारक आहे. परंतु तो पूर्णत्वाने अंमलात आला, तर किल्ल्यातील कुटुंबांचे उत्पन्न जाईल. काही कुटुंबे घरे सोडतील, आणि लिंपणावाचून ती घरे पडू लागतील. सर्व वस्ती खाली हलवावी, हा विचारही वेळोवेळी पुढे येतो. ज्यांची घरे पिढ्यान्‌पिढ्या तेथे आहेत, ते तो मान्य करीत नाहीत. वस्ती गेल्यावर राहील तो किल्ला जिवंत नगर असणार नाही, हेही त्यांचे म्हणणे निराधार नाही.

७. तुलना व निष्कर्ष

जैसलमेरच्या अनुभवावरून ऐतिहासिक नगरातील मुक्काम सर्वत्र अनिष्ट होय, असा सिद्धान्त मांडता येणार नाही. इटलीतील व्हेनिसचे उदाहरण याच्या नेमके उलट आहे. त्या नगराच्या जुन्या भागात १९५१ च्या सुमारास पावणेदोन लाख लोक राहत होते. २०२२ मध्ये ही संख्या पन्नास हजारांच्या खाली गेली. तेथे नगरपालिकेने एप्रिल २०२४ पासून ठरावीक दिवशी सकाळी येऊन सायंकाळी परतणाऱ्या प्रवाशांवर ५ युरोंचे प्रवेशशुल्क बसविले, आणि रात्री मुक्काम करणाऱ्यांना त्यातून वगळले. व्हेनिसमध्ये दुर्मीळ असलेली वस्तू म्हणजे चालण्याची जागा. तासाभरासाठी येणारा प्रवासी ती व्यापतो आणि नगराला फारसे देत नाही. मुक्कामी पाहुणा निदान निवासाचे मोल देतो. अर्थात घरांची पाहुणघरे झाल्याने रहिवासी हटतात, हा दोष तेथेही उरतोच. जैसलमेरात दिवसा येऊन किल्ला पाहणारा व चौकात एक पेला चहा पिऊन उतरणारा प्रवासी जवळजवळ निरुपद्रवी आहे. रात्री राहणारा, स्नान करणारा आणि सकाळी चादर मागे ठेवून जाणारा पाहुणा मात्र किल्ल्याच्या पायावर भार टाकतो.

यावरून जो निष्कर्ष निघतो तो असा. मुक्काम योग्य की अयोग्य, याचे उत्तर प्रवाशाच्या सुसंस्कृतपणावर किंवा हॉटेलच्या लहानपणावर अवलंबून नसून, त्या विशिष्ट नगराची सर्वांत नाजूक बाजू कोणती, यावर अवलंबून आहे. लहान हॉटेल म्हणजे कमी भार, हा सर्वसाधारण समज जैसलमेरच्या बाबतीत टिकत नाही. बुरुजावरील दहा खोल्या गावातील पन्नास खोल्यांहून अधिक हानी करू शकतात. त्याचबरोबर, किल्ल्याच्या मध्यभागी, मजबूत वाहिनीला जोडलेल्या आणि मोजक्या पाण्यावर चालणाऱ्या पाहुणघराला विरोध करण्यास तितकेसे कारण नाही. सरसकट बंदी आणि सरसकट मुभा यांच्यामध्ये जागेनुसार भेद करणारे धोरण शक्य आहे. तटापासून ठरावीक अंतराच्या आत न्हाणीघर नसावे, कपडे धुण्याचे काम टेकडीखाली व्हावे, आणि पाहुण्यांकडून घेतलेल्या रकमेचा ठरावीक अंश वाहिन्यांच्या देखभालीस जावा, अशी त्याची साधी कलमे होऊ शकतील.

अशा धोरणासाठी लागणारे मोजमाप ही विद्यापीठीय अभ्यासकांना करता येण्याजोगी गोष्ट आहे. प्रत्येक घरात येणारे आणि वाहिनीतून बाहेर पडणारे पाणी यांतील तफावत, तटाच्या निरनिराळ्या भागांतील मातीचा ओलावा आणि भिंतींतील भेगांची वाढ यांची निदान पाच वर्षांची अखंड नोंद ठेवली गेली, तर वरील ढोबळ हिशेबाची जागा निश्चित आकडे घेतील. रहिवासी, हॉटेलमालक आणि संरक्षक यंत्रणा यांच्यातील वाद आज एकमेकांवरील आरोपांनी चालतो. कोणत्या घराखाली किती पाणी मुरते, हे एकदा सर्वांसमोर आले, तर कोठे राहावे आणि कोठे राहू नये, याचा निर्णय घर न सोडता व किल्ला न गमावता करणे शक्य होईल.